फिरायला जाताना एक कावड

(२०२५ च्या गणेशोत्सवात तिसऱ्या दिवशी, २९ ऑगस्ट रोजी, मंडळाच्या मंडपात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आज २९ ऑगस्ट. झाशीकरांना ही तारीख वेगळी सांगावी लागत नाही. मेजर ध्यानचंद यांचा हा जन्मदिवस आणि म्हणूनच राष्ट्रीय क्रीडा दिन. त्यांचा जन्म १९०५ साली अलाहाबादला झाला, पण ते वाढले आपल्या झाशीत. १९२८, १९३२ आणि १९३६ अशा तीन ऑलिंपिकमध्ये त्यांनी देशाला हॉकीचे सुवर्णपदक मिळवून दिले आणि १९७९ साली त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले तेही इथल्याच हीरोज ग्राउंडवर. या योगाचे निमित्त साधून चिटणीसांनी मला 'आरोग्य आणि समाजसेवा' या विषयावर बोलायला सांगितले. मी त्यांना म्हटले, "अहो, मी डॉक्टर नाही, खेळाडू तर नाहीच नाही. रेल्वेत सारी नोकरी खुर्चीवर बसून केलेला माणूस मी." ते म्हणाले, "म्हणूनच तुम्ही बोला." तेव्हा आज मी तुमच्यासमोर उभा आहे तो केवळ अनुभवाच्या भांडवलावर. त्यात चुका जास्त आहेत, हे आधीच सांगून टाकतो.

निवृत्त झालो त्याच वर्षी रक्तातली साखर वाढल्याचे निघाले. डॉक्टरांनी रोज पाऊण तास चालायला सांगितले. नवे बूट आणले, गजर लावला आणि पहाटे बाहेर पडू लागलो. पहिला आठवडा उत्साहात गेला. दुसऱ्या आठवड्यात घड्याळाकडे लक्ष जाऊ लागले. तिसऱ्या आठवड्यात पाऊस आला, त्याचे निमित्त झाले आणि बूट पलंगाखाली गेले. आमच्या सौ. म्हणाल्या, "तुम्हाला कुठे जायचेच नसते, मग पाय तरी का निघावा?" त्या वेळी मला राग आला होता. आज वाटते की साऱ्या विषयाचे मर्म त्या एका वाक्यात होते.

आता दुसरी गोष्ट. त्याच पावसाळ्यात आपल्या मंडळाने वृक्षारोपण केले होते. अकरा झाडे लावली. नारळ फोडला, फोटो काढले, लोखंडी कठडे बसवले आणि प्रत्येक कठड्यावर मंडळाच्या नावाची पाटी लावली. मीही त्या फोटोत आहे, हातात फावडे घेऊन. पुढच्या जून महिन्यात एका सकाळी काही कामाने मी त्या बाजूला गेलो. अकरांपैकी नऊ कठड्यांत वाळलेल्या काटक्या होत्या. पाट्या मात्र अकराच्या अकरा शाबूत, रंगसुद्धा उडालेला नव्हता. जाणारे-येणारे ती पाटी वाचत होते आणि खालची काटकी पाहत होते. मला फार ओशाळल्यासारखे झाले. दोष माळ्याचा नव्हता, कारण माळी नेमलाच नव्हता. दोष पावसाचा नव्हता, सरकारचाही नव्हता. झाड लावल्यावर त्याला पाणी कोण घालणार, हा प्रश्न आमच्यापैकी एकानेही विचारला नव्हता.

आपल्या बुंदेलखंडात हा प्रश्न कोकणातल्यासारखा नाही. इथे वर्षभराचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. पुढचे आठ महिने जवळजवळ कोरडे. जमीन पाहावी तर वर वीतभर तांबडी माती आणि खाली ग्रॅनाइटचा कातळ. पावसाचे पाणी त्यात टिकत नाही, वाहून जाते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर चढतो आणि लू सुरू होते. जुलैत लावलेल्या रोपाची मुळे तोपर्यंत खोल गेलेली नसतात. म्हणजे आपण जुलैत लावलेल्या झाडाची खरी परीक्षा असते पुढच्या एप्रिल-मेमध्ये, आणि त्या वेळी आपण सारे पंख्याखाली असतो. वनमहोत्सव १९५० साली कन्हैयालाल मुन्शींनी सुरू केला, त्याला आता पंचाहत्तर वर्षे झाली. लावण्याचा उत्सव आपल्या अंगवळणी पडला आहे. जगवण्याला अजून उत्सवाचा मान मिळालेला नाही.

त्या नऊ काटक्या पाहून घरी आलो. दुसऱ्या दिवशी गोडेतेलाचा पाच लिटरचा रिकामा डबा धुतला, पाणी भरले आणि उरलेल्या दोन झाडांकडे निघालो. एक कडुलिंब आणि एक करंज. घरापासून सव्वा किलोमीटर. जाऊन-येऊन अडीच. डबा उजव्या हातात धरून पाच-सहा दिवस गेलो आणि खांदा असा धरला की हात वर होईना. सौ.नी पुन्हा शहाणपण शिकवले, "ओझे दोन हातांत वाटून घ्या, आणि झेपेल एवढेच घ्या." मग दोन-दोन लिटरच्या दोन बाटल्यांवर आलो. महिन्याभराने पुन्हा पाच लिटर, पण आता दोन हातांत दोन कॅन. त्यानंतर माझे चालणे एकदाही बंद पडले नाही. साखर आटोक्यात आली, पण ते श्रेय मी पाण्याच्या कॅनला देत नाही, गोळ्याही चालू आहेत. चालणे चालू राहिले याचे श्रेय मात्र नक्की त्या दोन झाडांना आहे. मला आता कुठेतरी जायचे असते. मी नाही गेलो तर कोणीतरी तहानलेले राहणार असते.

मंडळी, हे काही मी शोधून काढलेले नाही. आपल्याच शहराच्या इतिहासात याचा धडा आहे. विष्णुभट गोडसे यांचे 'माझा प्रवास' आपल्यापैकी पुष्कळांनी वाचले असेल. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक १८५७ साली दक्षिणा मिळवण्यासाठी उत्तरेकडे निघाला आणि १८५८ च्या वेढ्यात आपल्या झाशीत सापडला. त्याने पाहिलेल्या राणी लक्ष्मीबाई केवळ रणांगणावरच्या नाहीत. बाईसाहेबांना व्यायामाचा केवढा शौक होता, पहाटे उठून मल्लखांब, जोर आणि घोड्यावरची रपेट कशी चाले, हे त्याने लिहून ठेवले आहे. आणि त्याच पुस्तकात दुसरी हकिकत आहे. बाईसाहेब महालक्ष्मीच्या दर्शनाला गेल्या असता थंडीने कुडकुडणारे गोरगरीब त्यांच्या दृष्टीस पडले, तेव्हा त्यांनी प्रत्येकाला टोपी, बंडी आणि घोंगडी देण्याचा हुकूम केला. तळ्याकाठचे ते महालक्ष्मीचे देऊळ आपण आजही पाहतो. व्यायाम कमावलेल्या शरीराची मजल आरशापर्यंतच नसावी, हे त्या बाईने इथे, याच शहरात दाखवले.

आणखी एक गोष्ट मला त्या पुस्तकातली फार आवडते. एवढी लूटमार, उपासमार, जाळपोळ पाहून गोडसे भटजी अखेर घरी परतले ते गंगेच्या पाण्याची कावड घेऊन. आईवडिलांना गंगास्नान घडावे म्हणून हजाराहून अधिक किलोमीटर चालून त्यांनी ते पाणी कोकणात नेले. पहाटे दोन कॅन घेऊन निघताना मला त्या कावडीची आठवण होते. आपली कावड सव्वा किलोमीटरची, तेवढीच आपली पुण्याई!

महाराष्ट्राने तर पाय आणि सेवा यांची जोडी फार मोठ्या माणसांत पाहिली आहे. संत गाडगेबाबा (१८७६–१९५६) हातात खराटा आणि मडक्याचे गाडगे घेऊन गावोगाव पायी फिरले. गावात शिरले की आधी झाडू, रात्री कीर्तन. अंगमेहनत, चालणे आणि लोकसेवा यांचे तीन वेगळे तास त्यांनी कधी पाडले नाहीत. विनोबांची भूदानयात्रा १९५१ साली सुरू झाली, तीही पायीच.

आणि फार दूर कशाला जायचे? आपल्याच बबीना भागात सिमरावारी गावाजवळ घुरारी नावाची लहानशी नदी आहे. तिथल्या 'जल सहेली' म्हणवणाऱ्या खेड्यातल्या बायकांनी पोत्यांत वाळू भरून बांध घातला आणि पाणी अडवले. सप्टेंबर २०२४ मध्ये 'मन की बात'मध्ये त्यांचा उल्लेख झाला तेव्हा आपण शहरातल्या लोकांनी त्यांचे नाव ऐकले. या बायका कोणत्याही जिममध्ये गेलेल्या नाहीत. डोक्यावर पाणी वाहून त्यांच्या पिढ्या थकल्या, म्हणून त्यांनी पाण्यालाच गावाजवळ थांबवले. २०२५ च्या फेब्रुवारीत जल सहेलींनी ओरछा ते जटाशंकर अशी सुमारे ३०० किलोमीटरची पदयात्राही काढली. आपण चार किलोमीटर चाललो की घरी येऊन सांगतो!

आता थोडे आरोग्याचे, कारण विषयाचा तो अर्धा भाग आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या शिफारशींप्रमाणे प्रौढ माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताकदीचे काम द्यावे. पासष्टीच्या पुढच्यांनी याखेरीज आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम करावेत, म्हणजे पडण्याचे भय कमी होते. आता हिशेब करून पाहा. झपझप चालणे हे मध्यम श्रमाचे काम. पाणी वाहणे, आळे करणे, माती खणणे हे ताकदीचे काम. रोपाशी बसणे, उठणे, वाकणे, खडबडीत जागेवर पाय रोवणे यात तोलही आला. बागकाम हा व्यायामच आहे, फक्त त्याचा गणवेश नाही. रोज दहा हजार पावले झालीच पाहिजेत, अशी पुष्कळांना धास्ती असते. हा आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावले मोजणाऱ्या एका यंत्राच्या नावातून रूढ झाला. त्याहून बऱ्याच कमी पावलांनीही फायदा होतो, असे अलीकडचे अभ्यास सांगतात. तेव्हा ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी आकड्याच्या मागे लागू नये.

काही पथ्ये मात्र पाळावीत. एप्रिल ते जून या काळात सूर्य वर येण्याआधी घरी परतावे. झाडालाही तेच मानवते, भर दुपारी घातलेले पाणी मुळापर्यंत कमी आणि हवेत जास्त जाते. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी अगदी रिकाम्या पोटी निघू नये, खिशात गूळ किंवा साखर ठेवावी. छातीत दुखले, घेरी आली तर कॅन तिथेच ठेवून बसावे आणि कोणाला तरी हाक मारावी. झाड एक दिवस थांबू शकते.

तरुण मंडळींना चालणे मिळमिळीत वाटते, त्यांना धावायचे असते. त्यांनी जरूर धावावे. लंडनमध्ये २००९ साली 'गुडजिम' नावाचा एक उपक्रम सुरू झाला. धावायला निघालेली तरुण मंडळी वाटेत एखादे सार्वजनिक काम उरकतात, कुठे बाग साफ करतात, कुठे सामान हलवतात आणि धावतच परत येतात. काही जण ठरावीक दिवशी एखाद्या एकट्या राहणाऱ्या वृद्धाच्या घरापर्यंत धावत जातात, थोडा वेळ बोलतात आणि परततात. गंमत म्हणजे त्या वृद्धाला तिथे 'कोच' म्हणतात, कारण तो वाट पाहत असतो म्हणून धावणाऱ्याला दांडी मारता येत नाही. हे वाचले तेव्हा मला माझा कडुलिंब आठवला. तोही माझा कोचच की!

पण झाड आणि माणूस यांत फरक असतो, तो मला एका प्रसंगाने कळला. माझ्या वाटेवर आपल्याच समाजातल्या एक माई राहत असत. वय ऐंशीच्या पुढे, मुलगा पुण्याला. माझा डबा अर्ध्या वाटेत त्यांच्या नळावर भरला तर ओझे निम्मे होईल, असे त्यांनीच सुचवले. त्या रोज सहाला फाटक उघडत, मी पाणी भरी, दोन शब्द होत. एका सकाळी फाटक बंद. मी हाका मारल्या, उत्तर नाही. एरवी मी पुढे निघून गेलो असतो, पण वर्षभरात हे कधी झाले नव्हते. शेजाऱ्यांना उठवले, दार उघडवले. माई रात्रीच न्हाणीघरात घसरून पडल्या होत्या, खुब्याचे हाड मोडले होते, आवाज बाहेर येत नव्हता. वेळेवर दवाखान्यात नेता आले. आता त्या मुलाकडे पुण्याला असतात आणि फोनवर आधी कडुलिंबाची चौकशी करतात, मग माझी.

यात माझे कर्तृत्व काही नाही. मी फक्त रोज त्याच वेळी त्याच वाटेने जात होतो. पण विचार करा, नारोशंकरांच्या काळापासून, म्हणजे अठराव्या शतकापासून, आपली मराठी घरे या शहरात आहेत. आज किती घरांत मुले पुणे, बंगळूर, अमेरिकेला आहेत आणि मागे फक्त आईवडील, नाहीतर दोघांतले एकच? या मंडपात दहा दिवस आपण त्यांना खुर्ची देतो, प्रसाद देतो. उरलेल्या साडेतीनशे दिवसांत त्यांचे फाटक उघडले की नाही हे कोण पाहते? ज्याला धावायचे आहे त्याने कुठल्या तरी फाटकापर्यंत धावावे. औषधाची चिठ्ठी घ्यावी, दूध द्यावे, "काकू, बरे आहे ना?" एवढे विचारावे. धावणे तर होतच असते.

आता कामाचे बोलतो. दोन झाडांवरून आज आम्ही सात जण आणि चौदा झाडे झालो आहोत. आमच्या चुकांतून जे शिकलो ते थोडक्यात असे. खड्डा दोन फूट खोल असावा, कातळ लागला तर जागा बदलावी, हट्ट करू नये. कडुलिंब, करंज, जांभूळ अशी इथल्या हवेची झाडे निवडावीत. बुंध्याभोवती आळे करून त्यावर वाळलेल्या पानांचा थर द्यावा, ओल टिकते. रोपाशेजारी एक कोरे मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरावे, त्यात पाणी भरून वर झाकण ठेवावे. मडक्यातून पाणी हळूहळू झिरपते आणि दोन-तीन दिवस दांडी पडली तरी रोप तगते. पहिले दोन उन्हाळे सांभाळावे लागतात, तिसऱ्यात झाड बहुधा आपल्या पायावर उभे राहते.

खतासाठी बाजारात जायला नको. या दहा दिवसांत आपल्या मंडपात निर्माल्याचे ढीग जमतात. ते तळ्यात टाकले की पाणी कुजते. त्यातला दोरा, प्लास्टिक, जरी काढून टाकावी. फुले, दूर्वा, पत्री यांचा एक थर, वाळलेल्या पानांचा आणि मातीचा एक थर, मधूनमधून थोडे शेण, असे खड्ड्यात भरून अधूनमधून हलवावे. तीन-चार महिन्यांत काळेभोर खत तयार होते. बाप्पाला वाहिलेली दूर्वा झाडाच्या मुळाशी जाते, याहून चांगले विसर्जन कोणते?

शेवटी कार्यकारिणीला एक विनंती, आणि ती थोडी कडू लागेल. या वर्षी विसर्जनानंतर एक्कावन्न झाडे लावण्याचा बेत आहे, असे कळले. कृपा करून एक्कावन्न लावू नका. प्रवेशद्वाराजवळ मी एक वही ठेवली आहे. तिच्यात आपले नाव, आठवड्यातले दोन वार आणि झेपणारे ओझे लिहा. मग ते दोन लिटरच का असेना. ज्यांना पाणी वाहणे जमणार नाही त्यांनी एका वृद्धाचे घर लिहावे. मुलांनी आईबाबांना विचारून लिहावे. वहीत जेवढ्या झाडांचे सातही वार भरतील, तेवढीच झाडे लावा. तीन भरली तर तीन. आणि कठड्यावरची पाटी या वर्षी लावू नका. दोन उन्हाळे निघाले की मग लावू.

मी दाखवलेल्या त्या नऊ कठड्यांपैकी पाच अजून रिकामे आहेत. पाट्या मी मुद्दाम काढलेल्या नाहीत. उद्या सकाळी साडेपाचला मी तिकडे निघणार आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी मंडपाच्या फाटकाशी यावे, रिकामी बाटली घरून आणावी. पाणी माईंच्या नळावर मिळेल, किल्ली माझ्याकडे आहे.



गणपती बाप्पा मोरया!